पाठमोरा हिरो

३ फेब्रुवारी, मंगळवार

परत पाठच! सकाळपासून अकरा वेळा मारामारी घेतली. अकराही वेळा धाकट्याने ठोसा मारताना नेमकी कॅमेऱ्याकडे पाठ फिरवली.

त्याचाही काय दोष म्हणा. तीस वर्षं दुसऱ्यांच्या सिनेमात हिरोचा डुप्लिकेट होता माझा भाऊ. काचेतून उडी याची, जिन्यावरून गडगडणं याचं – आणि मग धूळ झटकून उठणारा चेहरा हिरोचा. तोंड दिसलं की शॉट वाया, आणि वर शिव्या. मग शरीरच शिकलं. कॅमेरा कुठे आहे हे न बघता त्याला कळतं, आणि पाठ आपोआप तिकडे होते.

आता अठ्ठावन्नाव्या वर्षी सिनेमा आपला, हिरो तो, कॅमेरा माझा – तळहातावर मावेल एवढा. तरी सुंभ जळला, पीळ तसाच!

५ फेब्रुवारी, गुरुवार

आज कॅमेरा घेऊन मीच पलीकडे गेले. तोही वळला. खिडकीतून घेतलं. तिथूनही पाठ. उलटं सूर्यफूल आहे नुसतं!

कोपऱ्यावरच्या सलूनवाल्यांची निराळीच तऱ्हा. मिशीमुळे त्यांना खलनायक केलं, पण दर ठोशानंतर धाकट्याला हळूच विचारतात, "लागलं का हो मास्तर?" अख्खा शॉट फुकट. मी म्हटलं, "अहो, तुम्ही त्याला ठार मारायला आलाय!" तर म्हणे, "हो ताई, पण तोवर विचारायला काय हरकत आहे?"

८ फेब्रुवारी, रविवार

दुपारभर आवाज भरले. ओला टॉवेल ओट्यावर आपटला की ठोसा. काकडी मोडली की हाड. तीन काकड्यांत एका गुंडाची हाडं झाली, उरलेली खाल्ली.

जुळवाजुळव मीच करते. कॉम्प्युटर कुणी शिकवला नाही, पण चाळीस वर्षं कपडे बेतले आहेत. कापण्याआधी दोनदा मोजायचं, जोड दिसू द्यायचा नाही – दुसरं काय असतं त्यात? मात्र कापडच नसेल तर बेतायचं काय? हिरोचं तोंड असलेला एकही तुकडा नाही.

संध्याकाळी भाचीचा फोन. एक मार्चला वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये सिनेमा दाखवायचा आहे, त्याला ती मुद्दाम येणार. एकच प्रश्न तिचा – "आत्या, बाबा दिसतात ना यात?"

लहानपणी थिएटरमध्ये ती मोठ्याने विचारायची, "बाबा कुठे?" हा सांगायचा, "ती पाठ बघ, ती माझी." एकदा शाळेत बाबांचं चित्र काढायला सांगितलं. हिने मान काढली, मागून दिसणारे दोन कान, शर्टाची पाठ. बाई म्हणाल्या, "तोंड विसरलीस वाटतं?" ते चित्र याने अजून कपाटात जपलंय.

मी फोनवर म्हटलं, "दिसतात तर!" म्हटलं खरं. आता निस्तरा.

११ फेब्रुवारी, बुधवार

बॅटरी, कार्ड, तिपाई, सगळं आठवणीने नेलं. हिरोचं तोंड तेवढं राहिलं.

१४ फेब्रुवारी, शनिवार

काखेत कळसा नि गावाला वळसा!

धाकट्याचे केस कापायचे होते म्हणून सोबत सलूनमध्ये गेले. मागच्या बाकावर बसले. समोर त्याची पाठ – आणि त्याच्यापुढे, आरशात, त्याचं तोंड! दोन्ही भिंतींना आरसे. फिरव म्हणावं पाठ कुठे फिरवायची ती!

मी बाकावरून उठलेच. शेवटची मारामारी इथेच. सलूनवाल्यांचा चेहरा पडला. "ताई, आरसे..." मी म्हटलं, "एकालाही धक्का लागणार नाही." माझ्या शब्दावर माणसं विश्वास कसा ठेवतात कोण जाणे.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

घेतला शॉट.

सलूनमध्ये सामान ठेवायचा माळा आहे, साडेसात फुटांवर. तिथून हिरो खलनायकावर झेप घेतो. खाली रिकामी खोकी रचली, तोंडं उघडी ठेवून. बंद खोक्यात हवा अडते आणि माणूस चेंडूसारखा उडतो – हे धाकट्यानेच शिकवलंय. वर दोन गाद्या. मी समोर, कॅमेरा घेऊन.

सलूनवाले ओरडले, "ये खाली, बघतोच तुला!" – पहिल्यांदाच न चुकता. धाकटा क्षणभर थांबला. मग उडी.

आरसे शाबूत. गुडघा नाही. टम्म सुजलाय. डॉक्टरांनी उड्या बंद सांगितल्या, कायमच्या. म्हणजे हा एकच शॉट. दुसरा होणे नाही.

सलूनवाले डोळे पुसत म्हणत होते, "लागलं का हो मास्तर?" या वेळी कुणी हसलं नाही.

१८ फेब्रुवारी, बुधवार

दिसलं! तोंड दिसलं! आरशात स्वच्छ, कपाळापासून हनुवटीपर्यंत.

पण दोन भानगडी.

एक – आरशात मीही आहे. चष्मा, पांढरा अंबाडा, डोळ्याला लावलेला कॅमेरा. मला कापायला जावं तर त्याचा कान जातो, इतकी शेजारी.

दुसरी – उडीच्या आधी त्याचे ओठ हलतात. सलूनवाल्यांच्या आरोळीत ऐकू येत नाही. आणि चेहरा... हिरोचा नाही तो. भ्यायलेला आहे. तीस वर्षं त्या पाठीमागे हे असायचं?

हळू करून पाहिलं. परत पाहिलं. विसाव्या खेपेला ओठ वाचता आले, आणि कॉम्प्युटर बंद करून टाकला.

"ताई, आहेस ना?"

२० फेब्रुवारी, शुक्रवार

धाकट्याला दाखवलं. त्याने दोनदा पाहिलं. मग म्हणाला, "हे काढ."

"का?"

"हिरो विचारतो का कुणाला? आणि खलनायकाच्या अड्ड्यात ही चष्मेवाली म्हातारी काय करतेय? लोक हसतील, ताई. पाठच बरी होती."

"आणि पोरीला काय सांगू?"

"सांग, ती पाठ बघ."

विषय संपला म्हणाला. त्याचा संपला असेल.

२२ फेब्रुवारी, रविवार

काढून पाहिलं. जोड बेमालूम बसला. पाठ, मग थेट खोकी. कुणाला कळणारही नाही इथे चेहरा होता. इतकं चांगलं काम मी कधी केलं नसेल, आणि इतकं वाईटही.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

आज बोलले. एकोणपन्नास वर्षांनी.

लहानपणी हा घरातल्या माळ्यावरून उड्या मारायचा. मी खाली गाद्या सरकवून धरायची. तो वरून विचारायचा, "ताई, आहेस ना?" मी म्हणायची, "आहे!" मग उडी. एकदा आईने हाक मारली म्हणून मी आत गेले. दूध उतू जात होतं. याने वरून विचारलं. मी ओट्यापाशी उभी राहून, नुसती सवयीने, म्हटलं – "आहे!"

खांद्याचं हाड मोडलं त्याचं. घरी सांगितलं, पाय घसरला. मला कुणी रागावलं नाही. रागावले असते तर बरं झालं असतं.

हे सगळं आज त्याच्या गुडघ्याला शेकताना सांगितलं. मान वर न करता.

तो म्हणाला, "माहितीये."

"काय माहितीये?"

"तू खाली नव्हतीस ते. आवाज आतून आला होता. तेवढं कळत होतं मला, नऊ वर्षांचा होतो."

"मग मेल्या, उडी का मारलीस?"

"तू आहे म्हणालीस ना!"

असं म्हणाला, जसं काही मीच खुळी.

मग पुढचं सांगितलं. प्रत्येक उडीआधी विचारायचा म्हणे, मनातल्या मनात. तीस वर्षं. मी इकडे कुणाच्या तरी ब्लाऊजला हुक लावत बसलेली असायची. "उत्तर कोण देणार तिथे? पण विचारल्याशिवाय पाय सुटायचा नाही."

शेकायची पिशवी गार होऊन गेली. उठताना म्हटलं, "तो तुकडा ठेवू?"

"बेतणारी तू." एवढंच. पण काढ म्हणाला नाही.

२८ फेब्रुवारी, शनिवार

ठेवला. त्या जागी सलूनवाल्यांची आरोळीही काढली, टॉवेल नाही, काकडी नाही. चार सेकंद काहीच आवाज नाही. नुसते ओठ.

१ मार्च, रविवार

हॉल भरला होता. धाकटा भाचीशेजारी पहिल्या रांगेत, मी शेवटच्या. सलूनवाल्यांच्या प्रत्येक वाक्याला हशा. मग माळा आला, आरसा आला, याचं तोंड पडद्याएवढं मोठं. भाची उभीच राहिली. ओठ हलले.

माझ्या तोंडून निघून गेलं – मोठ्याने, अख्ख्या हॉलभर – "आहे!"

आणि धाकटा खुर्चीतून वळला. पडद्याकडे पाठ करून, सगळ्या लोकांना तोंड दाखवत, मला शोधत राहिला.