तात्पुरती गैरहजेरी

३ जानेवारी
नवं वर्ष, नवी वही, नवा हातिम. रोज लिहायचं. सिगारेट बंद. आणि अमेरिकेचं टॅक्स रिटर्न यंदा जानेवारीतच भरून मोकळं व्हायचं. परदेशात राहणाऱ्यांना जूनच्या पंधरा तारखेपर्यंत मुदत असते, म्हणून जूनपर्यंत लोळत पडणारे लोक वेगळे.

वडिलांनी माझ्यासाठी एकच शहाणपणाचं काम केलं, मला न्यू जर्सीत जन्माला घातलं. आज मी अम्मानमध्ये विम्याच्या ऑफिसात खर्डेघाशी करतो आणि तरी अमेरिका दरवर्षी माझ्या मुलांच्या, तालीन आणि यझनच्या, नावाने मला पैसे पाठवते. लोक सरकारला कर देतात, माझ्याकडे उलटा कारभार आहे. ऑफिसात हे सांगितलं की सगळ्यांची तोंडं बघण्यासारखी होतात.

रुबा मुलांना घेऊन इर्बिदला माहेरी गेली आहे. जरा विश्रांती. घर शांत आहे, कामाला बरं पडतं.

९ जानेवारी
मध्ये लिहिणं झालं नाही. पाण्याचा घोळ. आठवड्यातून एकदाच पाणी सोडतात, त्या दिवशी टाक्या भरून घ्यायच्या असतात, ते रुबा बघायची. मी अंगाला साबण फासून उभा आणि नळ कोरडा. शेजारच्या उम्म रामीने दोन बादल्या दिल्या आणि विचारलं, बायको कधी येणार. लवकरच, म्हटलं.
सिगारेट: एक. साबणाच्या प्रकरणामुळे.

१८ जानेवारी
रुबाचा भाऊ फिरास आला होता. इर्बिदला थंडी आहे, मुलांचे जाड कपडे हवेत. दिले. ताईने शिलाई मशीनही मागितलंय म्हणाला. मी स्वतः जिन्यावरून खाली उतरवून दिलं. तिचं मन रमेल. चहाला थांब म्हटलं तर गाडी चालू ठेवलीय म्हणाला.

२ फेब्रुवारी
नादिया खौरींकडे गेलो. बेकरीवरच्या छोट्या ऑफिसात बसून त्या आमच्यासारख्या अम्मानमधल्या अमेरिकनांची रिटर्न भरतात. नेहमीचे प्रश्न झाले. मग, मुलं वर्षातले निम्म्याहून जास्त दिवस तुमच्यासोबत राहिली ना? हा काय प्रश्न झाला, म्हटलं. मग शाळेचं पत्र आणा दरवर्षीसारखं, म्हणाल्या. आणतो म्हटलं.

जिना उतरताना आठवलं, मुलं सप्टेंबरपासून इर्बिदच्या शाळेत आहेत. म्हणजे विसरलो नव्हतो. त्या अंगाने विचार केला नव्हता इतकंच. रुबा गेल्या वर्षी मेअखेरीला गेली, म्हणजे माझ्याकडे भरले पाच महिने. लागतात सहाच्या वर. थोडक्यात हुकलंय, घाबरण्यासारखं काही नाही.

५ फेब्रुवारी
सापडलं! नियमातच लिहिलंय. आजारपण, शिक्षण, सुट्टी अशी तात्पुरती गैरहजेरी असेल तर मूल घरीच राहिलं असं धरतात. तात्पुरती गैरहजेरी. काय शब्द आहे. तीन वेळा मोठ्याने म्हणून बघितला.

नादियाबाईंना फोन केला. नियम बरोबर आहे म्हणाल्या, पण मुलं परत येणार हे स्पष्ट पाहिजे. त्यात अस्पष्ट काय आहे, म्हटलं. मग त्यांच्या आईकडून दोन ओळी लिहून आणा, म्हणाल्या.
दोन ओळी! एका फोनचं काम.

१४ फेब्रुवारी
फोन चार वेळा लावला. शेवटी तालीनने उचलला. आई कामात आहे म्हणाली. घरी कधी येणार विचारलं तर म्हणाली, आईला विचारा. आमच्याकडे मांजर आणलीय, असंही सांगितलं. मी म्हटलं, इकडे कशी आणणार तिला? ती म्हणाली, "तिकडे नाही आणायची, बाबा."
नऊ वर्षांची आहे. मुलांना पुढचं काही कळत नाही.

११ मार्च
पहिला रोजा. सोडायला शौकतकाकांकडे गेलो. हे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, अख्ख्या खानदानात यांच्या शब्दाला मान. ताटावरच विचारलं, नक्की झालं काय?

सगळं नीट समजावून सांगितलं. मुलांच्या नावाने आलेले तीन वर्षांचे पैसे मी मादबाला लाव्हे पक्षी पाळायला गुंतवले होते. मुलांसाठीच. पक्षी थंडीने मेले, हवामान माझ्या हातात नाही. रुबाने विचारलं, मुलांचे पैसे कुठे आहेत? मी म्हटलं, वाढतायत. त्यानंतर तिला माहेरची आठवण यायला लागली.

काकांनी ताट बाजूला सारलं. मग म्हणाले, मोठ्या माणसांना घेऊन जाऊ, रीतसर जाहा नेऊ, तिला मागून आणू. मी म्हटलं, एवढ्याला कशाला? तात्पुरतं आहे.

१० एप्रिल
ईद. इर्बिदला गेलो. सासऱ्यांनी, अबू फिरासनी, पुढच्या खोलीत बसवलं. पाहुण्यांच्या. यझनने माझ्याशी हात मिळवला. त्याला नेलेले बूट बसेनात, पोरगं भराभर वाढतंय. रुबाने दारातून सांगितलं, खजुराचे मामूल ताजे आहेत, घ्या. सणाच्या दिवशी कागदाचा विषय काढायचा नाही असं ठरवूनच गेलो होतो. निघताना जिन्यात काढला. तिने दार लावून घेतलं. आपटलं नाही, सावकाश लावलं. चांगली खूण आहे.

२१ एप्रिल
फिरास येऊन मुलांचे पलंग घेऊन गेला. नट काढायला मीच पाना दिला. जमिनीवर पलंगाच्या पायांच्या खुणा राहिल्यात. त्या खोलीत आता ऑफिस करावं. टेबल खिडकीशी. उद्यापासून.

२९ एप्रिल
ऑफिस केलं नाही. त्या खोलीचं दार लावून घेतलंय, उगाच धूळ येते. काकांना फोन करून जाहाला हो म्हटलं. एवढी भारदस्त मंडळी समोर असली की कागदाला नाही म्हणायची कोणाची टाप आहे? यालाच प्लॅनिंग म्हणतात.

१० मे
जाऊन आलो. सविस्तर लिहितो, म्हणजे डोक्यात नीट बसेल.

काकांनी मंडळी भारी जमवली होती. एक निवृत्त न्यायाधीश, आमच्या गल्लीतले फार्मसीवाले हाजी, आणखी चार-पाच जण, सगळे कडक इस्त्रीत. अबू फिरासनी दारात येऊन आत नेलं. कॉफी फिरली. काकांनी कप घेतला आणि न पिता समोर ठेवला. त्यांचं बघून सगळ्यांनी ठेवले. मागणं मान्य होईपर्यंत कोणी कॉफीला तोंड लावायचं नाही, ही रीत. मीही ठेवला.

काका सुंदर बोलले. पुरुष चुकतो म्हणाले, लेकरांना घर एकच असावं म्हणाले. मलासुद्धा भरून आलं. अबू फिरास मान खाली घालून ऐकत होते. बोलणं संपल्यावर म्हणाले, "शौकतभाई, तुमचं पोचलं. आता याच्या तोंडून ऐकू दे. बोल हातिम, काय हवंय तुला?"

मी तयारीनिशी गेलो होतो. खिशातून कागद काढला, स्वच्छ टाइप केलेला, अरबी आणि इंग्रजी दोन्हीत. म्हटलं, मामा, फार काही नाही, रुबाची एक सही.

त्यांनी चष्मा लावून कागद वाचला. मुलं व त्यांची आई तात्पुरती इर्बिद येथे असून आपल्या घरी परत जाणार आहेत, वगैरे. पुन्हा वाचला.

"तुला ती परत यायला हवीय, की परत येणार असल्याचा कागद हवाय?"

"आधी कागद द्या मामा," मी म्हटलं. "जूनची मुदत आहे."

काकांनी डोळे मिटून घेतले. आतला पडदा सरकवून रुबा स्वतः बाहेर आली, एवढ्या पुरुषांसमोर. वडिलांच्या हातातून कागद घेतला, त्यांच्याच खिशातलं पेन काढलं, उभ्याउभ्या सही केली आणि कागद माझ्या मांडीवर ठेवला. माझ्याकडे बघितलं नाही.

अबू फिरास म्हणाले, "मागितलं ते दिलं. मंडळी, कॉफी घ्या."

सगळ्यांनी घेतली. काकांनी सगळ्यात शेवटी. गार झाली होती.

परतताना जरश गाव मागे पडलं. मग काका म्हणाले, "तुझ्या बायकोसाठी आलो होतो आम्ही. मागणं मान्य झालं, विषय मिटला. आता कोणत्या तोंडाने पुन्हा जायचं?" मी म्हटलं, काका, पहिला टप्पा झाला, दुसरा सावकाश बघू. त्यांनी रेडिओ लावला.

१२ मे
कागद फायलीत आहे. रुबाला फोन केला, फिरासने उचलला. "दाजी, मागितलं ते दिलंय ना?" एवढं म्हणून ठेवला. रेंज जात असणार.

३० मे
नादियाबाईंकडे उद्या नक्की.

७ जून
उद्या. फाईल रोज काढून बघतो. रुबाची सही जोरात दाबून केलेली आहे, कागदाच्या मागच्या बाजूला हाताला लागते.

११ जून
गेलो. नादियाबाईंनी कागद वाचला, सही पासपोर्टशी ताडून बघितली. उत्तम आहे म्हणाल्या. शेवटच्या पानावर रिटर्न तयार करणारी म्हणून माझीही सही लागते, तेव्हा एकदा तुमच्या तोंडून विचारून घेते, म्हणाल्या. "मुलं परत येणार आहेत ना?"

उत्तर पाठ होतं. विश्रांती, इर्बिदची हवा, आजोळची माया. फेब्रुवारीपासून पाठ होतं.

नाही, म्हटलं.

त्यांनी रिटर्नमधून तालीनचं नाव खोडलं, मग यझनचं. घरात आणखी कोणी अवलंबून? मी एकटाच, म्हटलं. कागद परत हवाय का विचारलं, तर तेही नाही म्हटलं. दाखवलं तिथे सही केली.

मला रुबा घरी यायला हवी होती. अबू फिरासनी सरळ विचारलं होतं, सगळे कप खाली होते, आणि ती पडद्याआड उभी राहून ऐकत होती. रुबा, घरी चल, एवढंच म्हणायचं होतं. त्याला टायपिंगही लागलं नसतं.