खडखडाटात नीलम

तीर्थरूप आईस, तुझ्या मंजुश्रीचा वडगावहून कणकुंबीपर्यंत पोचेल एवढा नमस्कार.

फोनवर तू रडायला लागतेस, म्हणून लिहिते. धाकट्या नीलमला न्यायला आप्पांना पाठवू नकोस.

साड्यांच्या यंत्रमागांवर पहिल्याच दिवशी बायका म्हणाल्या, "ऐकू न येणारी पोरगी हितं नको." मी म्हटलं, "मग मीबी न्हाय. ह्या खडखडाटात तुमाला तरी काय ऐकू येतंय?" सगळ्या हातवाऱ्यांनीच बोलतात गं! नीलमनं ते आठवड्यात उचललं.

माझ्याशी अजून कुणी धड बोलत नाही. असू दे. तुझा गुडघा कसा आहे?

काल मागावरच्या अंबुबाईंनी लांबून हातानं विचारलं, "जेवलीस?" मी मान डोलावली. त्या हसल्या, त्यांनी माझ्या पाठीमागं बोट दाखवलं. त्या नीलमला विचारत होत्या.

दोघींकडून,
मंजुश्री