छावणी बाजारातला राखाडी कोट

२ नोव्हेंबर, गुरुवार
छावणीच्या बाजारात कय्युमच्या जुन्या कपड्यांच्या गाड्यावर राखाडी लोकरी कोट दिसला. चारशे म्हणाला. तीन डिसेंबरला मेव्हण्याच्या मुलीचं लग्न. मागच्या लग्नाच्या ग्रुप फोटोत साडू आप्पासाहेब कोट घालून पुढं आणि त्यांच्या खांद्यामागं माझा एक कान. सासुरवाडीत माझी किंमत तेवढीच. यंदा कोट आणि पुढची रांग. ठरलं.

सेकंडहँड खरेदीचे माझे नियम पक्के. वस्तू आवडल्याचं दाखवायचं नाही. अंगात घालून बघायचं नाही, नाहीतर गरज कळते. खोट काढायची, पाठ फिरवायची. दुकानदार हाक मारतोच. आज दोन बटणं नसल्याचं चारचौघांत सुनावलं आणि निघालो. हाक आली. पुढच्या गुरुवारी अडीचशेला पाडतो.

९ नोव्हेंबर
बटणं लावलेली. भाव सहाशे. कय्युम म्हणे, नानासाहेब, पहले पुराने कपडे को कोई पूछता नै था, अब कालेज के पोट्टे कार में आको लेके जारे. मी म्हणालो, ते राहू दे, अस्तर उसवलंय ते बघ. त्यानं अस्तर उलटून बघितलं. चहा पाजला. धाक बसलाय.

घरी ही म्हणाली, अवो घेऊन टाका की, लई ताणू नका. बायकांना मार्केट कळत नाही.

१६ नोव्हेंबर
अस्तर नवं. नऊशे. माणूस हट्टी आहे. कॉलरवरचा तेलकट डाग दाखवला. ड्रायक्लीन केल्याशिवाय हा कोट कोण घेणार, असं खडसावलं. त्यानं मान डोलावली. पुन्हा चहा, सोबत बिस्कीट, बसायला स्टूल. वचक म्हणतात तो हा.

२३ नोव्हेंबर
ड्रायक्लीन, इस्त्री. अख्ख्या गाड्यावर हा एकच कपडा हँगरला. चौदाशे. खोट सापडेना. तरी पाठ फिरवली. हाक आली, पण चहासाठी. अजून एक गुरुवार हातात आहे. घाबरायचं कारण नाही.

३० नोव्हेंबर
कोट गेला. घेणाऱ्यानं घासाघीस केलीच नाही म्हणे. असले लोक बाजार बिघडवतात. महागाईचं मूळ हेच. कय्युम हात जोडून म्हणाला, सब आपकी मेहरबानी. नम्र आहे बिचारा.

लग्नाला स्वेटर घालणार. सुटसुटीत असतो.

३ डिसेंबर, रविवार
कोट लग्नाला आला. आप्पासाहेबांच्या अंगात. ते किडकिडीत, त्यांना शिवून घेतल्यासारखा बसला. मेहुणी सगळ्यांना सांगत होती, छावणीत मिळाला, शोधून खोट सापडत नाही. जीव जळला.

उकडतंय म्हणून जेवायला बसताना आप्पासाहेबांनी कोट माझ्याकडं धरायला दिला. मंगल कार्यालयाच्या मागं जाऊन घालून बघितला. नुसता बघायला. एक हात गेला. दुसरा घालताना पाठीवर टर्रकन फाटला. शिवणीवर नाही, मधोमध. आप्पासाहेब शांतपणे म्हणाले, साडूभाऊ, फाडला तुम्ही, आता ठेवून घ्या तुम्हीच. चौदाशे मोजले.

ही म्हणाली, बाजारातच अंगात घालून बघायचा नाय व्हय? तिला नियम माहीत नाहीत.

ग्रुप फोटोत मागच्याच रांगेत उभा होतो. हातावर कोट होता. तो दिसायचा नाही.

७ डिसेंबर, गुरुवार
कोट विकायला कय्युमकडं नेला. त्यानं अंगात घालून बघितला नाही. उलटा केला, फाटलेली पाठ वर धरली, बाहीजवळ कसर लागल्याचंही दाखवलं. मोठ्यानं, चारचौघांत. अगदी माझ्यासारखं. लोक हसले. दीडशे म्हणाला. मी पाचशे म्हणालो. स्टूलवर दुसरंच कोणीतरी चहा पीत बसलं होतं, पँटची चेन खराब असल्याचं कय्युमला सुनावत.

कोट उचलला आणि पाठ फिरवली. सावकाश चाललो. चपलेचा अंगठा नीट करायच्या निमित्तानं बाजाराच्या तोंडाशी बराच वेळ वाकून राहिलो.

हाक आली नाही.