अवसेच्या दुपारी

प्रिय तेजू,

तुझ्या कादंबरीचं बाड महिन्यापूर्वी आलं. मी ते तीनदा वाचलं. पहिल्यांदा चष्मा पुसत, दुसऱ्यांदा तुझ्यावर चिडत, अन् तिसऱ्यांदा गपगुमान. तुझ्या मोठ्या बाबाला चार ओळी कौतुकाच्या लिहितानाही घाम फुटतो, तरी लिहितो. पोरी, कमाल केली तू.

मला वाटायचं, खुनाच्या गोष्टी लिहिणारे खोलीत बसून मनचं ठोकून देत असतील. तू दोन वर्षांपूर्वी आली ती थेट माझ्या हातमागावरच बसली. खड्ड्यात पाय सोडून आठ दिवस आडव्या धाग्याचा धोटा फेकला, कोशाचा रेशमी धागा पन्नासदा तोडला, पण उठली नाही. मग घड्याळ लावून भर उन्हात आपल्या दारापासून तलावाच्या पाळीपर्यंत, त्या बांधापर्यंत चालली. एकदा रिकाम्या हातानं, एकदा कापडाचा गठ्ठा डोक्यावर घेऊन, एकदा चक्क पळत. शेजारचा केवळराम मला विचारून गेला, पोरगी कोणाचा काटा काढून राहिली का बा म्हणून. मला हसू आवरलं नाही.

नव्वद वर्षांपूर्वीच्या खटल्यासाठी तू मोडी शिकली. साकोलीच्या म्हाताऱ्या वकिलाकडे बसून साक्षीतला शब्द न् शब्द उतरवून घेतला. खटला माझ्या आज्याचा, नत्थूचा. घरात आम्ही सांगत आलो की तो गिरणीत कामाला गेला अन् तिकडेच तापानं वारला. तू कागद पुढे ठेवले. पाळीवर कोशाच्या व्यापाऱ्याचा खून झाला, मढ्याजवळ नत्थूनं विणलेला शेला सापडला. शेला व्यापाऱ्यानं आपल्याकडूनच विकत घेतला होता, असं नत्थू सांगत राहिला, कोणी ऐकलं नाही. जन्मठेप भोगता भोगता तो तुरुंगातच मेला.

पण तुझी खरी करामत पुढेच आहे. खुनाची तारीख तू जुन्या पंचांगात पाहिली, तर ती अमावास्या, आपली अवस निघाली. अवसेला आपण कोष्टी मागाला हात लावत नाही. त्या काळी कोणी लावलाच तर जात त्याला वाळीत टाकायची. नत्थू म्हणाला, मी घरी झोपलो होतो. अन् चारही शेजाऱ्यांनी साक्षीत सांगितलं, माग बंद होता. तू मला विचारलं, "मोठे बाबा, मागाचं त्यांना कोणी विचारलंच नव्हतं. मग चौघंही आपणहून तेच का बोलले?" वकील, पोलीस, न्यायाधीश, इतक्या जणांच्या नजरेखालून गेलेले ते कागद, पण हे एकट्या तुलाच दिसलं. अन् मी काय केलं? मेलेल्याची हाडं कायले उकरून राहिली म्हणून तुझ्यावर ओरडलो. तू त्याच दिवशीच्या बसनं न जेवता गेली. ते मला अजून टोचते.

बाडातला विणकर, म्हणजे नत्थूच, खुनी ठरला आहे. सोबत तुझी चिठ्ठी: "नाव बदललं तरी गाव त्याला ओळखणार. माग चालू होता अशी मला नुसती शंका आहे, साक्ष नाही. साक्षीवाचून मी त्याला सोडवणार नाही. पुस्तक दिवाळीनंतर छापायला जाईल." माझं डोकं फिरलं. गोष्टच तर आहे, चार ओळी मनच्या घातल्या असत्या तर काय बिघडलं असतं? मग तिसऱ्या वाचनात समजलं, तू मनची ओळ घालत नाही म्हणूनच लोक तुझं खरं मानतात. अन् मग नत्थू लोकांसाठी कायमचा खुनी होणार.

म्हणून साक्ष मी देतो. रुखमिणी आत्या, नत्थूची थोरली लेक, तेव्हा तेरा वर्षांची होती. तिचं लग्न पाच दिवसांवर आलेलं अन् लग्नाचं लुगडं अर्धंच झालेलं. नत्थूनं अवसेच्या दिवशी दार लावून सकाळपासून दिवे लागेपर्यंत माग चालवला, अन् ती शेजारी बसून धाग्याच्या कांड्या भरत होती. व्यापारी दुपारी मेला. घर वाळीत पडलं तर लेकीचं लग्न मोडेल, म्हणून नत्थू खरं बोलला नाही. शेजाऱ्यांनी माग ऐकला होता. नत्थूवर जातीचा ठपका येऊ नये म्हणून ते खोटं बोलले. त्यांना वाटलं, आपण त्याला वाचवून राहिलो. मरायच्या आदल्या वर्षी आत्या मला म्हणाली, "बाबू, माझ्या लुगड्यापायी बाप गेला. मी बोलली असती तर सुटला असता." अन् कोणाला सांगणार नाही अशी शपथ तिनं मला घातली. वीस वर्षं पाळली, आज मोडून राहिलो. खाली सही केली आहे. तुझ्या आवाज भरायच्या यंत्रात बोलून पाहिजे असेल तर ये, सारं पुन्हा सांगतो. शेवट बदल, पोरी. अन् आज्याचं बदललेलं नाव काढून टाक. नत्थूच छाप.

तुझाच,
मोठे बाबा
(खेमराज)