दरवाज्यातून एसटी जाते

बाबा, परवा मी घाटापलीकडच्या त्या राजवाड्यात परत जाऊन आले. आठवीत असताना आमची सहल तुम्हीच तिथे नेली होतीत. मुरबाड डेपोत एवढे ड्रायव्हर, आणि आमच्या शाळेच्या गाडीवर नेमके माझे वडील! घाटाखालचं वैशाखरे मागे पडेपर्यंत मी मान वर केली नव्हती.

सहलीनंतर धसईच्या घरी मी तांदूळ निवडत बसलेय आणि फाटकाबाहेर गाडीपाशीच थांबलेले तुम्ही, तुमचे प्रश्न काही संपत नाहीत. "काय गो, त्या दरवाज्यातनं आपली एसटी जाईल का? माडीवर पानी कोन न्यायचा?" मी तुटकपणे म्हणते, "काय नाय ओ बाबा, जुनी भांडी नि तलवारी." "मग राजा काय तलवारीवर जेवायचा?" आई खो खो हसते. मी सूप घेऊन ओटीवर निघून जाते.

त्या वाड्यात शहराच्या इतिहासाचं संग्रहालय आहे. जुने नकाशे, बाजारपेठेचे फोटो, गावात आलेल्या पहिल्या नळाची तोटी. या वेळी मी मात्र तुमचेच प्रश्न घेऊन फिरले. दरवाजा पावलांनी मोजला. आरशांसकट जाते एसटी, बाबा! टपावर सामान तेवढं नको. पाण्याचं विचारलं तर पहारेकरी हसला. "बाई, सगळे राणीची खोली विचारतात, तुम्हाला पाण्याची काय पडलीय?" पण भला माणूस, मागचा जिना उघडून दाखवला. अरुंद, काळोखा. पाठीवर पखाल घेऊन माणसं चढायची म्हणे. पायऱ्या मधोमध झिजल्यात. मी त्या खळग्यात पाऊल ठेवून बघितलं. तुम्ही असतात तर सगळ्या पायऱ्या मोजून आला असतात, आणि खाली येऊन त्या पहारेकऱ्याचं डोकं खाल्लं असतंत. तुमची फार आठवण आली.

हे पत्र कुठल्या पेटीत पडणार नाही, म्हणून सांगते. सहलीच्या दिवशी शाळेच्या बाईंनी मला फाटकातून मागे पाठवलं होतं, "जा, वडिलांनाही बोलाव, बघू देत त्यांनाही." तुम्ही गाडीच्या सावलीत नुसत्या बनियनमध्ये बसून सुकटीशी भाकरी खात होतात, आणि माझ्यामागे वर्गातल्या मुली नाक दाबून हसत होत्या. मी अर्ध्या वाटेतूनच फिरले. बाईंना म्हणाले, ते झोपलेत.

तुम्ही झोपला नव्हतात. मला येताना बघून तुम्ही भाकरी खाली ठेवली होती आणि खाकी शर्ट अंगात घालायला घेतला होता.