सोंगाडी माशीची ओळख

१२ मार्च

चि. भाऊजींस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

हे गेल्यावर तुमचं पत्र आलं, त्यात मायन्यातलं ‘सौ.’ खोडलेलं शाईखालून दिसलं. मनाला लावून घेऊ नका. माझीही सवय कुठे गेलीय? दुपारी अजून दाराला कडी लावत नाही, हे येतील म्हणून.

यांच्या माश्यांच्या पेट्या पार्सलने पाठवल्या आहेत. पाणीखात्यात नळांचे नकाशे काढणारा तुमचा भाऊ सुटी मिळाली की जाळी घेऊन नदीकाठी पळायचा. सगळं जग माश्या हाकलतं आणि आमच्याकडे त्या घरी आणतात, म्हणून मी कुरकुरायची. तुम्ही तर संग्रहालयात माश्यांचेच अधिकारी, त्यामुळे माझी बाजू घ्यायला कुणीच नसायचं.

एकच विचारायचंय. शेवटच्या पेटीत काळ्या गुळगुळीत पाठीची एक सोंगाडी माशी आहे. मधमाशीचं सोंग घेते म्हणून हे नाव यांनीच पाडलेलं. ही जात आजवर कुणी नोंदवलेली नाही, असं ते म्हणत. दवाखान्यात पडल्यापडल्या म्हणाले, “भाऊला दाखव. नवी निघाली तर तिला तुझं नाव द्यायचंय.” तेव्हा मी हसले होते. आता मला ते हवंय. पण खरं असेल तेच कळवा.

तुमची,
वहिनी


२ एप्रिल

ती. वहिनीस,
सा. न. वि. वि.

पेट्या सुखरूप पोचल्या. दादाने प्रत्येक पंखाच्या शिरा शाईने काढून ठेवल्यात, अगदी गावाच्या नळांसारख्या. गट ठरवायला त्या फार उपयोगी पडतात. पंख दोनच, म्हणजे ही माशी. मधमाशीला चार असतात. त्यात लांब सोंड, म्हणजे सोंगाड्यांच्याच कुळातली. इथवर दादाचं बरोबर आहे.

जात मात्र बरीचशी केसांच्या रंगावरून आणि पट्ट्यांवरून ठरते, आणि हे केस नुसतं बोट लागलं तरी झडतात. पाठ मुळातच गुळगुळीत आहे की घासली गेली, हे एवढ्या एका माशीवरून छातीठोकपणे सांगवत नाही. त्याच जागची ताजी माशी हवी. मीच आलो असतो, पण संग्रहालय नव्या इमारतीत हलतंय, रजा मिळत नाही. तुम्हाला जमेल का?

आपला,
भाऊ


२० एप्रिल

चि. भाऊजींस,
अ. उ. आशीर्वाद.

जाळी घेऊन निघाले तर शेजारीण कुठे म्हणून विचारू लागली. माश्या मारायला, असं सांगितलं. बिचारी लगबगीने आत निघून गेली.

नदीकाठच्या दरडीत मधमाश्यांची बिळंच बिळं आहेत. तिथे एक सोंगाडी हवेत तरंगत होती. मधेच खाली येऊन शेपटाचं टोक धुळीत टेकवायची, मग बिळासमोर थांबून अंग झटकायची. बराच वेळ बघत राहिले, मग जाळी टाकली. बाटलीत घालून फ्रीजमधल्या बर्फाच्या कप्प्यात ठेवली. सगळं इतकं सहज जमलं, याचंच वाईट वाटलं.

हिच्या पाठीवर दाट पिवळे केस आहेत. मी काही बोलत नाही, पार्सलने पाठवते आहे, तुम्हीच बघा.

तुमची,
वहिनी


९ मे

ती. वहिनीस,
सा. न. वि. वि.

इकडे उन्हाळा वाढलाय. नवी कपाटं आली, त्यांची दारं नीट लागत नाहीत. सुतार रोज येतो आणि उद्या येतो म्हणून जातो. जिन्याला रंग देताहेत, त्याचा वास डोक्यात जातो.

माशी पाहिली. दादाची आणि ही एकाच जातीच्या. शिरा तशाच, सोंड तशीच. दादाच्या माशीच्या पाठीवर भिंगाखाली झडलेल्या केसांच्या खुणा दिसल्या. ही जात नवी नाही, आमच्या संग्रहात फार पूर्वीपासून नोंदलेली आहे.

वहिनी, नवी आहे असं लिहिलं असतं तर तुम्हाला कोण सांगायला येणार होतं? तसा कागद लिहिला आणि फाडला. दादाच्या कामात खोटं घालायचं धाडस झालं नाही.

तुम्ही पाहिलीत ती मादी. ती अंड्यांना धूळ लावून घेते आणि मधमाशीच्या बिळात भिरकावते. अळी आत सरपटत जाते, मधमाशीचं पिल्लू पोसलं जाईपर्यंत थांबते आणि मग त्यालाच खाते. हे प्रत्यक्ष बघायची दादाची फार इच्छा होती. ते तुम्ही पाहिलंत.

आपला,
भाऊ


१८ मे

चि. भाऊजींस,
अ. उ. आशीर्वाद.

पत्रात तुमचा सुतार एवढा लांबला तेव्हाच ओळखलं. खरं कळवलंत, बरं केलंत. नाव राहिलं असतं तर आवडलं असतं, एवढंच.

काल जाळी न घेता गेले. एक मधमाशी पराग घेऊन यायची, बिळात शिरायची, पुन्हा निघायची. त्याच बिळात थोड्या वेळापूर्वी सोंगाडी अंडं टाकून गेली होती. आत काय शिरलंय, याचा हिला पत्ताच नाही. मलाही नव्हता. यांच्या पोटात ते दुखणं वर्षभर वाढत होतं म्हणे, आणि मी रोज डबा भरत होते, भाजी तिखट झाली का म्हणून विचारत होते. भाऊजी, तिथेच धुळीत बसून रडले. घरी आल्यागेल्यांसमोर ते जमलंच नव्हतं.

एक मागते. मला हे भेटले तेव्हा चांगले मोठे बाप्ये होते. त्याआधीचे हे मला ठाऊक नाहीत, आणि ते ठाऊक असलेले आता तुम्ही एकटेच उरलात. रजा मिळाली की या आणि मला त्यांचं लहानपण सांगा. सांगून संपलं की पुन्हा पहिल्यापासून सांगा.

लोभ आहेच, तो पत्रातून न धाडता घेऊनच या.

तुमची,
वहिनी