जास्तीचं ग्रीस

रविवार, १४ सप्टेंबर

प्रिय धाकट्या,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र मिळालं. गुडघा बरा आहे हे वाचून हायसं वाटलं. जिने चढू नकोस असं मागच्या पत्रात लिहिलं होतं, पण तू ऐकलं नसशीलच. आमच्याकडे सगळे ठीक. बाबांचं ऐकू येणं आणखी कमी झालंय, बोलणं मात्र तसूभर कमी नाही.

ठीक म्हणजे घर सोडून बाकी सगळं ठीक. निवृत्त माणसं बाग करतात, पुस्तकं चाळतात. तुझ्या भावोजींनी, तीस वर्षं शाळेत पदार्थविज्ञान शिकवलेल्या माणसानं, मागच्या शेडमधला रणगाडा दुरुस्त करायला काढलाय. हो, तोच. बाबांचा साखळीचा ट्रॅक्टर. मार्चपासून हेच चाललंय. शेड दमट आहे, साखळीखालचे लोखंडी रोलर गंजतील, म्हणून ते जेवणाच्या टेबलावर ओळीनं मांडलेत, एकेक पाट्याएवढा जड. आम्ही तिघं मांडीवर ताटं घेऊन जेवतो. माझा दातांचा ब्रश साखळीच्या पिना घासायला गेला. साबणाच्या खोबणीत नट असतात. परवा उशीच्या अभ्र्याला डिझेलचा वास येतो म्हणाले तर म्हणतात, "येतोय का? मला नाही येत." कपाळावर हात मारून घ्यायचीही सोय नाही, हाताला ग्रीस असतं.

त्यात भर मिस्त्रीची. साखळीच्या यंत्रांचा हा आमच्या भागातला एकमेव जाणकार, त्यामुळे त्याचा तोरा विचारू नकोस. सकाळी येतो म्हणून दुपारी उगवतो आणि आल्या आल्या चहा मागतो. पहिल्याच दिवशी यंत्राभोवती एक फेरी मारून मला म्हणाला, "इंजिनाला काही झालं नाही वहिनी, पाय गेलेत. वय झालं की सगळ्यांचे तेच जातात." हे म्हणताना तो माझ्या पायांकडे बघत होता.

आणि बाबा खुर्ची टाकून शेडच्या दारात. कुणी काही खोललं की त्यांचं ठरलेलं वाक्य येतं, "पोरानं रिव्हर्समध्ये पळवून वाट लावली." दिवसातून पाचसहा वेळा. पोर म्हणजे अजूनही तूच. मी चहाचा ट्रे ठेवते आणि आत जाते. चाळीस वर्षं मी हेच करत आलेय, हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक आहे?

असो. तुला खरं तर गुरुवारचं सांगायचं होतं. तीन दिवस हे पत्र घेऊन बसतेय आणि ब्रश नि उशीच्या गोष्टी लिहितेय.

गुरुवारी मिस्त्रीनं डाव्या बाजूची साखळी उतरवली. मागचं दात्यांचं चाक हातानं चाचपलं, पिना उजेडात धरल्या आणि बाबांच्या कानाशी जाऊन मोठ्यानं म्हणाला, "आजोबा, पोराला कशाला बोल लावता? रिव्हर्समध्ये पळवली असती तर दाते एका अंगानं झिजले असते. हे दोन्ही अंगांनी झिजलेत. ही साखळी ताणून ताणून मारलीय. मधे चार बोटं झोळ हवा, ही तारेसारखी ठेवलेली. पुढच्या चाकामागे ग्रीस भरायचं तोंड आहे ना, त्यात ग्रीस भरलं की साखळी ताणते. ते तोंड कधीतरी वर्षाकाठी भरायचं. इथं कुणीतरी दर आठवड्याला भरलंय. कोण भरायचं ग्रीस?"

बाबांनी माझ्याकडे बोट दाखवलं. कौतुकानं, धाकट्या. "ही. फार टापटिपीची. एकही तोंड सोडायची नाही."

मिस्त्रीनं त्या दिवशी दुसरा चहा मागितला नाही. भावोजींनी चष्मा काढून पुसायला घेतला. मी स्वयंपाकघरात जाऊन धुतलेल्या कपबशा पुन्हा धुतल्या.

मी टापटिपीची होतेच. काम अर्धवट ठेवणं हा खोटं बोलण्याचाच प्रकार आहे, असं शाळेतल्या सिस्टर सांगायच्या. तेवीस वर्षांची झाले तरी ते माझ्या हाडात होतं. दर रविवारी बाबांच्या वहीतली यादी घेऊन मी एकेका तोंडाला पंप लावायची आणि ग्रीस आत जाईनासं होईपर्यंत मारायची. तू एकोणीस वर्षांचा, कामचुकार, आंघोळीच्या पाण्यावरूनही हुज्जत घालणारा. तू म्हणालास, "ताई, ते पुढचं सोड, साखळी आवळते." मला वाटलं, याला यादी कमी करायचीच असते. दुसऱ्यांदाही म्हणालास. मी म्हणाले, "तू गाडी चालव, मला शिकवू नकोस." वेळ मिळाला की तू ते ग्रीस सोडून साखळी सैल करायचास. त्या सोमवारी बाबांनी तुला घाईनं भाड्याच्या कामावर पाठवलं, तेवढा वेळ दिलाच नाही.

उजवी साखळी उतारावर तुटली. यंत्र घसरत जाऊन गिऱ्हाइकाच्या भिंतीवर आदळलं, तू उडी मारलीस आणि तुझं खांद्याचं हाड मोडलं. अंगणात सगळ्या माणसांसमोर बाबा तुला बोलले, "पुन्हा माझ्या यंत्राला हात लावायचा नाही." तू माझ्याकडे एकदा बघितलंस. मी दारात उभी होते. आपल्या दोघांनाही ठाऊक होतं. तू माझं नाव घेतलं नाहीस, आणि मीही घेतलं नाही. महिन्याभरानं हात गळ्यात अडकवूनच तू घर सोडलंस. तेव्हापासून आपण एकमेकांना हवापाणी आणि गुडघे लिहितोय.

शुक्रवारी सकाळी मी बाबांना सगळं सांगितलं. मोठ्यानं सांगावं लागलं. इतकी वर्षं गिळलेली गोष्ट शेजाऱ्यांना ऐकू जाईल अशी ओरडून सांगायची वेळ आली. त्यांनी काय म्हणावं? "तुला कुठं कळत होतं. जाऊ दे."

"कळत होतं बाबा. त्यानं दोनदा सांगितलं होतं."

"बरं बरं. ते काम तुला सांगायलाच नको होतं मी. चहा झाला का?"

माझा तोल गेला. "मला एका मिनिटात सोडलंत? मग त्याला का नाही? त्याचा तर दोषही नव्हता!" आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांच्यावर आवाज चढवला. त्यांनी शांतपणे कानातलं यंत्र काढून खिशात ठेवलं. आता या माणसाशी भांडायचं तरी कसं, तूच सांग.

दिवसभर ते शेडकडे फिरकले नाहीत. ते ठरलेलं वाक्यही ऐकू आलं नाही. काल सकाळी भावोजींकडे कागद मागितला आणि रोलर सरकवून टेबलावर लिहायला बसले. दोन तास. मधे मला म्हणाले, "तूच लिही, माझा हात कापतो." मी म्हणाले, "कापू दे."

तो कागद सोबत आहे. पाकीट चिकटवायला माझ्याकडेच दिलं, म्हणून वाचला. त्यात एवढंच आहे: नवी साखळी महिनाअखेर येते आहे, ती किती सैल ठेवायची यावर जावई आणि मिस्त्री रोज भांडतात, दोघांनाही काही कळत नाही, तेव्हा तू येऊन हात लावून बघ. माफीचा शब्द शोधू नकोस, तो त्यात नाही. मीही ओळीओळीत शोधला आणि पुन्हा चिडले. पण 'हात लावून' यावर त्यांनी दोनदा पेन फिरवलंय.

माझ्या पत्रात तरी तो शब्द स्वच्छ असू दे. चूक माझी होती, आणि ती मला ठाऊक होती. मला माफ कर. आणि जमणार नसेल तर उगाच जमलं असं लिहू नकोस.

यायचं की नाही ते तू ठरव. नाही आलास तर बाबा तुझ्यावर चिडतील, भावोजी हळहळतील. मी काही म्हणणार नाही.

तुझ्यावर रुसायचा हक्क गमावून बसलेली,
ताई